गिरणगावातील पहिले चळवळे



आपल्या जुन्या घरांत 'चळवळ्या' हा शब्द कौतुकाने उच्चारलेला मी फारसा ऐकलेला नाही. एखादा मुलगा चार पोरांना जमवून हेडमास्तरांकडे गाऱ्हाणे घेऊन गेला, की घरी त्याला 'फार चळवळ्या झालाय' असे ऐकावे लागे. कारखान्यात संप झाला की 'कोणीतरी भडकावले असणार' हे वाक्य ठरलेले. आपण पिढ्यान्‌पिढ्या या मुलखात राहणारी, जमीन, दुकान, शाळा आणि कचेरी यांवर जगणारी माणसे. संपकऱ्यांच्या बाजूने विचार करण्याची वेळ आपल्यावर क्वचितच आली. म्हणून या वर्षीच्या व्याख्यानमालेसाठी विषय विचारला तेव्हा मी मुद्दाम हा घेतला. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. जोयड्यासारख्या ठिकाणी रोगी तपासणारा एक होमिओपॅथ आहे, आणि या विषयाकडे आलो तोही एका रोग्यामुळे.

हे गृहस्थ मूळचे सावंतवाडीच्या बाजूचे. लालबागच्या एका गिरणीत वीसएक वर्षे काम केलेले. 1982 च्या संपानंतर मुंबई सुटली आणि मुलीच्या आधाराने ते आपल्या तालुक्यात येऊन राहिले. दम लागतो, खोकला जात नाही, म्हणून माझ्याकडे येत. दोन वर्षे मी त्यांना दम्याची औषधे देत होतो. एके दिवशी बोलता बोलता ते म्हणाले, "गिरणीत असताना सोमवारी छाती धरायची, डॉक्टर. मंगळवारी जरा बरं वाटायचं." मी चपापलो. कापसाची धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात गेल्याने होणाऱ्या रोगाचे, बिसिनोसिसचे, हे पुस्तकातले लक्षण आहे. सुट्टीनंतर कामावर परतण्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, आठवडा सरकतो तशी ती सैल होते, आणि पुढे पुढे रोज आवळू लागते. जो प्रश्न पहिल्या भेटीत विचारायचा, 'पूर्वी काय काम करीत होता?', तो मी दोन वर्षांत विचारलाच नव्हता. चूक सर्वस्वी माझी.

त्या दिवशी मी त्यांना विचारले, "सोमवारीच कसे हो कळायचे?" ते सहज म्हणाले, "रविवारची सुट्टी असायची ना. आमच्या आजाच्या वेळी ती पण नव्हती म्हणतात."

ही रविवारची सुट्टी कोणी मागितली, हे शोधता शोधता मी नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापाशी पोचलो, आणि तिथून बराच पुढे वाहवत गेलो.

लोखंडे यांचा जन्म 1848 चा, ठाण्याचा. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे, जातीने फुलमाळी. शिक्षण बेताचे. काही काळ टपाल आणि रेल्वेच्या नोकरीत काढून ते मुंबईत एका गिरणीत कोठारावरचे कारकून झाले. गिरणीत कारकुनी करणारा माणूस यंत्रावर घाम गाळत नाही. पण कोण किती वाजता आत येतो, कोणाचा पगार किती दिवस अडकला, कोणाचे बोट पट्ट्यात गेले, हे त्याच्या डोळ्यांसमोर घडते. त्यातच त्यांना महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचा लळा लागला. समाजाचे विचार मांडणारे 'दीनबंधु' हे पत्र कृष्णराव भालेकर यांनी 1877 मध्ये पुण्यात सुरू केले होते. ते चालवणे जड गेले तेव्हा 1880 मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईत आणले आणि गिरणीची नोकरी सोडून संपादकी पत्करली.

त्या वेळची गिरणी कशी होती, हे थोडे सांगायला हवे. विजेचे दिवे अजून आलेले नव्हते, त्यामुळे काम उजेडावर चाले. सूर्य उगवला की भोंगा, मावळला की सुटका. म्हणजे हिवाळ्यात साधारण बारा तास आणि उन्हाळ्यात साडेतेरा-चौदा. दुपारच्या सुट्टीचा निश्चित नियम नाही. रविवारी यंत्रे थांबली तरी पुसायला, तेल घालायला माणसांना बोलावत. पगार महिना उलटून कितीतरी दिवसांनी हाती येई, आणि तोवर वाण्याकडचे उधार व्याजासह वाढलेले असे. 1881 मध्ये सरकारने पहिला कारखाना कायदा केला. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. हो, सात वर्षांची मुले. मोठ्या माणसांविषयी, बायकांविषयी, त्या कायद्यात काहीच नव्हते.

1884 मध्ये सरकारने कायद्याच्या फेरविचारासाठी मुंबईत एक आयोग नेमला. गिरणीमालक आपली बाजू मांडणार हे उघड होते. कामगारांची कोण मांडणार? सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लोखंडे यांनी परळ भागात कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्या-अंगठ्यांचा एक अर्ज आयोगापुढे ठेवला. त्यात काय मागितले होते, ते नीट पाहा. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर अपघात झाला तर बरा होईपर्यंत पगार चालू राहावा, आणि कायमचे अपंगत्व आले तर पोटाची सोय व्हावी.

बस, इतकेच. गिरणी कामगारांच्या मालकीची व्हावी असे नाही, राज्य उलथावे असे नाही. जेवायला अर्धा तास. आमच्या वैद्यकशाखेत लहान मात्रेचे महत्त्व फार, म्हणून असेल कदाचित, पण मला हा अर्ज वाचताना त्याचे मोठेपण त्याच्या लहानपणात दिसते. यातली प्रत्येक गोष्ट मोजता येते. दिलेली आहे की नाही, हे कोणालाही घड्याळ आणि कॅलेंडर पाहून सांगता येते.

या सभांच्या सुमारास 'बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन' ही संस्था लोखंडे यांच्या अध्यक्षतेखाली उभी राहिली. हिंदुस्थानातील पहिली कामगार संघटना म्हणून तिचा उल्लेख होतो. पण पुढे सरकारी अहवालात तिच्याविषयी लिहिले गेले, की हिला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियमावली नाही, आणि लोखंडे हे केवळ आपण होऊन सल्ला देणारे गृहस्थ आहेत. टीका खरी होती. सभा भरे तेव्हा संघटना असे, सभा पांगली की उरे तो 'दीनबंधु'चा अंक. तरीही सहा वर्षे हा माणूस तीच मागणी लावून धरून बसला.

24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सभा झाली. दहा हजारांच्या आसपास कामगार जमले होते, आणि त्या सभेत दोन स्त्री कामगारांनी उभे राहून भाषणे केली. त्यांची नावे मला कुठे मिळाली नाहीत. 1890 साल लक्षात घ्या. ज्या काळात आपल्या पांढरपेशा घरांतली बाई परक्या पुरुषासमोर येत नसे, त्या काळात दोन गिरणीवाल्या बायका दहा हजारांपुढे बोलल्या. सुट्टीसाठी जी कारणे दिली जात, त्यांत माणसाला देवधर्माला आणि घरच्या कामाला एक दिवस हवा हे होते. आणि रविवार हा तर खंडोबाचा वार. साहेबांचा रविवार आणि जेजुरीचा रविवार एकाच दिवशी पडला, हे कामगारांचे भाग्यच म्हणायचे. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कायद्यात ती आली, बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली आणि मुलांचे किमान वय सातावरून नऊवर गेले.

या साऱ्यात एक अवघड गाठ आहे, ती टाळून चालणार नाही. कारखाना कायदा व्हावा म्हणून विलायतेत ओरड करणाऱ्यांत मँचेस्टरचे गिरणीमालक आघाडीवर होते. मुंबईचे स्वस्त कापड त्यांना सलत होते. त्यामुळे आपल्याकडच्या राष्ट्रीय बाण्याच्या वर्तमानपत्रांनी, त्यांत टिळकांची पत्रेही आली, या कायद्याला विरोध केला. स्वदेशी उद्योग बुडवण्याचा हा डाव आहे, असे त्यांचे म्हणणे. ते अगदी खोटेही नव्हते. लोखंडे यांना मात्र उत्तर असे द्यायचे होते, की मँचेस्टरचा हेतू काहीही असो, परळच्या पोराचे वय सातच आहे. देशभक्तांच्या रोषाला सामोरे जाऊन त्यांनी सरकारकडे मागणी लावून धरली, आणि म्हणून पुढे बराच काळ ते राष्ट्रीय इतिहासाच्या पानावर आलेच नाहीत. सरकारने 'रावबहादूर' केले, तेही त्यांच्या नावाला थोडे आडच आले असावे.

1893 च्या हिंदू-मुसलमान दंग्यात त्यांनी सलोख्यासाठी धडपड केली. विधवांचे केशवपन करणार नाही असा नाभिकांनी संप करावा, म्हणून त्यांनी सभा घेतली. 1896 मध्ये प्लेग आला. ज्याला शक्य होते तो मुंबई सोडून पळाला. लोखंडे राहिले, रोग्यांसाठी रुग्णालय उभे करण्यात पुढे झाले, आणि 9 फेब्रुवारी 1897 रोजी त्याच प्लेगने गेले. वय 48.

आता थोडे दूर जाऊ, अगदी युरोपच्या उत्तरेला. लोखंडे यांच्याहून एका वर्षाने लहान, 1849 चा जन्म असलेला एक शिंपी स्वीडनमध्ये होता, आउगुस्त पाल्म त्याचे नाव. जर्मनीत आणि डेन्मार्कमध्ये मजुरी करताना तो समाजवादी झाला. 6 नोव्हेंबर 1881 रोजी माल्मो शहरातील एका हॉटेलात त्याने 'समाजवाद्यांना काय हवे आहे' या विषयावर भाषण केले, आणि स्वीडनच्या कामगार चळवळीचा आरंभ त्या दिवसापासून मोजतात. पुढच्याच वर्षी त्याने पत्र काढले. भाषण, पत्र, सभा, वर्गणी, पुन्हा सभा. माणूस तापट, व्याकरण कच्चे, पण पाय न थकणारे. गावोगावी हिंडून बोलायचा. पुढे त्याने काढलेल्या दुसऱ्या पत्राचे संपादन लवकरच यालमार ब्रांटिंग या सुशिक्षित तरुणाच्या हाती गेले, आणि 1920 मध्ये तो स्वीडनचा पंतप्रधानही झाला. शिंप्याची जागा शिकलेल्याने घेतली, हे त्या चळवळीतही घडले.

पण त्या चळवळीत एक दुसरी वाटही होती, जिला 'अराज्यवाद' म्हणतात. हा शब्द ऐकून आपल्याला फक्त बॉम्ब आठवतो. अराज्यवाद्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की सरकार कोणाचेही असो, वरून हुकूम करणारी सत्ता माणसाला गुलामच करते. कामगारांनी निवडणुका आणि मंत्रिपदे यांच्या मागे न लागता आपल्या संघटनेच्या आणि संपाच्या बळावर आपले जगणे हाती घ्यावे. स्वीडनमध्ये या वाटेचा मोठा वक्ता हिंके बेर्येग्रेन. ब्रांटिंगच्या पक्षाने 1908 मध्ये त्याला काढून टाकले. 1910 मध्ये 'मुलांवाचून प्रेम' या विषयावर, म्हणजे संततिनियमनावर, भाषणे दिली म्हणून त्याला तुरुंगात जावे लागले आणि असल्या प्रचारावर बंदी घालणारा कायदाही झाला. मजुराच्या घरी अकरा पोरे असतील तर मालकापुढे त्याची मान कधी वर होणार, हा त्याचा सवाल होता. डॉक्टर म्हणून मला इथे आपले रघुनाथ धोंडो कर्वे आठवतात. त्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, खटले सोसले, आणि 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्वे कामगार पुढारी नव्हेत, हे खरे. पण बोलण्याबद्दल शिक्षा भोगणाऱ्यांची जात एकच.

आणि बॉम्ब? तोही होता. जुलै 1908 मध्ये माल्मोच्या बंदरात गोदी कामगारांचा संप चालू असताना मालकांनी इंग्लंडहून संपफोडे आणून 'अमाल्थेआ' नावाच्या जहाजावर ठेवले होते. 12 जुलैच्या रात्री तीन तरुणांनी त्या जहाजाला सुरुंग लावला. एक इंग्रज मजूर मेला, अनेक जखमी झाले. आन्तोन निल्सन या वीस वर्षांच्या पोराला फाशी सुनावली, ती जन्मठेपेवर आली, आणि 1917 मध्ये लोकांच्या दबावाने तो सुटला. मी जैन घरात वाढलो. या प्रसंगाकडे मला कोणत्याही तत्त्वाच्या चष्म्यातून पाहता येत नाही. मेलेला माणूसही पोटासाठी समुद्र ओलांडून आलेला मजूरच होता. पुढच्या वर्षी स्वीडनमध्ये प्रचंड सार्वत्रिक संप झाला आणि तो हरला.

त्याच जुलै 1908 मध्ये आपल्याकडे काय चालले होते? मुंबईच्या हायकोर्टात टिळकांवर राजद्रोहाचा खटला उभा होता. 22 जुलैला रात्री सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. 23 तारखेपासून गिरण्या बंद पडू लागल्या. सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवस संप, असा हिशेब कामगारांनी केला. लष्कर रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. त्या वेळी परदेशात असलेल्या लेनिननेही या संपाची दखल घेऊन लिहिले. ज्या टिळकांच्या पत्रांनी कारखाना कायद्याला विरोध केला होता, त्यांच्यासाठी त्याच गिरण्यांतली माणसे पगार बुडवून रस्त्यावर आली. यात विसंगती पाहायची तर पाहा. मला वाटते, कामगाराला मालकाइतकीच सरकारचीही चीड होती, आणि टिळकांना शिक्षा झाली तेव्हा ती चीड बाहेर पडायला वाट मिळाली. या संपाला लोखंडे यांच्यासारखा कोणी एक चालक नव्हता. संघटना नसताना हे झाले, म्हणूनच 'कोणीतरी भडकावले' हा आपला आवडता सिद्धान्त इथे लंगडा पडतो.

पुढच्या दहा वर्षांत सी. के. बोले यांच्यासारख्या सुधारकांची कामगार हितवर्धक सभा, ना. म. जोशी यांची सोशल सर्व्हिस लीग, अशा सौम्य संस्था निघाल्या. वाचनालये, रात्रीच्या शाळा, दारूबंदी. त्यांचे काम मोलाचे, पण इथे त्यावर थांबत नाही.

महायुद्ध संपले, रशियात क्रांती झाली, महागाईने कामगार टेकीस आला. 1919 च्या जानेवारीत मुंबईत लाखाहून अधिक कामगारांचा संप झाला. 1920 मध्ये लाला लजपत राय यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईतच अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस भरली. आणि 1921 मध्ये 'गांधी विरुद्ध लेनिन' या नावाची एक इंग्रजी पुस्तिका बाजारात आली. लेखक श्रीपाद अमृत डांगे, नाशिक जिल्ह्यात जन्मलेला एकवीस-बावीस वर्षांचा तरुण. तोवर मार्क्सची पुस्तके मुंबईत मिळणेही कठीण होते. डांग्यांना ती मिळाली ती रणछोडदास भवान लोटवाला यांच्याकडे. हे लोटवाला स्वतः पिठाच्या गिरणीचे मालक! गिरणीमालकाच्या पैशाने, गिरणीमालकाच्या ग्रंथसंग्रहावर, गिरणीमालकांच्या विरोधातला पक्ष वाढला. ऑगस्ट 1922 मध्ये डांग्यांनी 'सोशॅलिस्ट' हे साप्ताहिक काढले. 1924 मध्ये कानपूर कटाच्या खटल्यात त्यांना चार वर्षांची सजा झाली.

लोटवालांचा प्रवास मात्र डांग्यांच्या दिशेने गेला नाही. रशियातले राज्य पाहून त्यांचा भ्रमनिरास झाला आणि ते अराज्यवादाकडे झुकले. त्यांच्या संस्थेत शेवटच्या वर्षांत काम करणारे एक गृहस्थ होते, मं. प्र. ति. आचार्य. मद्रासचे, 1887 चा जन्म. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये सावरकरांच्या बरोबर राहिलेले, पहिल्या महायुद्धात वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याबरोबर स्टॉकहोमला जाऊन हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची बाजू स्वीडिश समाजवाद्यांपुढे मांडलेले, 1920 मध्ये ताश्कंदला स्थापन झालेल्या हिंदी कम्युनिस्ट पक्षात असलेले आणि थोड्याच दिवसांत तिथून बाहेर पडलेले. बर्लिनमध्ये ते अराज्यवादी कामगार संघटनांच्या आंतरराष्ट्रीय वर्तुळात आले, ज्यात स्वीडनची संघटनाही होती. हिटलर आल्यावर ते पत्नी, चित्रकार माग्दा नाखमान, यांच्यासह मुंबईत आले. 1954 मध्ये मुंबईतच, गरिबीत वारले. मुंबईच्या चळवळीला स्वीडनशी जोडणारा धागा शोधायचा, तर तो या एका एकाकी माणसातून जातो. त्यांच्यामागे अनुयायी उभे राहिले नाहीत. आपल्याकडे अराज्यवाद फोफावला नाही, याचे एक कारण मला असे दिसते, की परक्या सरकारला हटवून आपले सरकार आणायचे स्वप्न ज्या देशात रंगात होते, तिथे 'सरकारच नको' हे ऐकून घ्यायला कोणाला सवड असणार?

आता 1928 कडे येतो, कारण इथे बोलणारी माणसे बदलतात.

मालकांनी कामाची नवी पद्धत आणली. दोन साच्यांऐवजी विणकराने तीन चालवायचे, कातणाऱ्यानेही वाढीव यंत्र सांभाळायचे. म्हणजे तीन माणसांचे काम दोघांत. 16 एप्रिल 1928 पासून संप पसरला आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, जवळजवळ सहा महिने, दीड लाख कामगार बाहेर राहिले. आजवरचे पुढारी संपादक, वकील, सुधारक होते. या वेळी व्यासपीठावर अर्जुन आत्माराम आळवे आणि गोविंद रामचंद्र कासले होते, स्वतः गिरणीत काम केलेले. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन नोंदली गेली, आळवे तिचे अध्यक्ष, डांगे सरचिटणीस. सुरुवातीला सभासद 324. वर्ष संपताना 54,000. लोखंडे यांच्या संघटनेकडे जी यादी नव्हती, ती आता झाली. गिरणीगणिक कामगारांच्या कमिट्या बसल्या. पूर्वी जॉबरच्या मर्जीवर ज्याची नोकरी असे, तो आता कमिटीत बसून जॉबरला जाब विचारू लागला.

सहा महिने पोट कसे भरले, हा प्रश्न मला पडला. उत्तर आपल्या भागातल्या माणसाला चटकन समजेल. बरेच कामगार बोट धरून कोकणात, गाडी धरून घाटावर गावी गेले. पावसाळा होता, लावणीला हात हवेच होते. गावच्या तांदळावर संप टिकला. जे मुंबईत उरले त्यांना वाण्यांनी उधार दिले, कारण हे गिऱ्हाईक मेले तर जुनी उधारीही बुडणार. शहरातल्या संपाची अर्धी ताकद गावातल्या बायकांनी राखलेल्या शेतात होती, हे संपाच्या इतिहासांत एखाद्या ओळीत उरकले जाते.

या संपाची आणखी एक बाजू आहे आणि ती अभिमानाची नाही. साचाखात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त. तिथे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवीन कांडीचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून काढावे लागे. तोच धोटा उद्या दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून विटाळ. डॉक्टर म्हणून सांगतो, त्या धोट्याला तोंड लावण्यात धोका होताच. क्षय एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाण्याचा. त्याविरुद्ध कोणी सवर्ण विणकर तक्रार करीत नव्हता. तक्रार होती ती जातीची. आंबेडकरांनी पुढाऱ्यांना बजावले, की ही बंदी उठवण्याची मागणी तुमच्या यादीत नसेल तर माझे लोक संपात राहणार नाहीत. तेव्हा कुठे ती मागणी यादीत आली. मालक म्हणाले, बंदी आमची नाही, तुमच्याच कामगारांची आहे. या उत्तरावर क्रांतिकारकांकडे बोलण्यासारखे फारसे काही नव्हते.

20 मार्च 1929 रोजी पहाटे देशभर धरपकड झाली. मीरतच्या खटल्यात तीसहून अधिक आरोपी उभे केले गेले. त्यांत डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे, अधिकारी यांच्याबरोबर आळवे आणि कासले होते, आणि तीन इंग्रजही. पुण्याचे वृद्ध थेंगडी खटला चालू असतानाच वारले. निकाल लागायला जानेवारी 1933 उजाडला. मुंबईचे आरोपी मीरतला नेले, कारण मुंबईत ज्यूरी बसली असती. भडकावणारे आत गेले की गिरण्या शांत होतील, असा सरकारचा हिशेब. त्याच 1929 मध्ये गिरण्यांत पुन्हा मोठा संप झाला. तो फसला, हेही खरे, आणि आंबेडकर त्याच्या विरोधात होते.

माझे ते रोगी आता नाहीत. त्यांना मी लोखंडे यांची गोष्ट सांगितली होती. टपाल खात्याने 2005 मध्ये लोखंडे यांच्यावर तिकीट काढले हेही सांगितले. नाव त्यांना ऐकून माहीत होते, बाकी काही नाही. महालक्ष्मीच्या सभेतल्या दोन बायकांचे ऐकून मात्र ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, त्यांची आजी बॉबिन खात्यात होती, परळला, साल आठवत नाही, आणि तिचा आवाज फार मोठा होता.